चिंगीचं खोबरं नि पादणारी जीप

एक होती चिंगी उंदरी. भुईमुगाच्या शेंगेएवढी. शेपटी मात्र ही लांबलचक!

एक होते गेनूमामा. त्यांची एक म्हातारी जीप. चढ आला की जीप म्हणायची, ढुर्र... ढुर्र... ढुस्स! पुढं जाईना. मागून मात्र पादायची, पुर्रर्र!

साळूमामी म्हणाली, "अहो, जरा इंजिनाचं झाकण उघडून बघा की!"

मामा म्हणाले, "तुला काय कळतंय! जीपला दृष्ट लागलीय."

मामांनी जीपला लिंबू-मिरच्या बांधल्या. जीपपुढं नारळ फोडला. फाट्! अर्धा मामांच्या हातात. अर्धा गेला गड गड गड, थेट चिंगीच्या पुढ्यात!

"खोबरं! माझं खोबरं!" चिंगी गिरकी घेऊन नाचली.

मामा नि मामी जीपमध्ये बसले. मामांनी रेस दिली. ढुर्र... ढुस्स! जीप पुढं जायची, ती आली मागं. खोबरं अडकलं चाकाखाली, करवंटीसकट!

चिंगी रडली, चूं चूं चूं. मग नाक पुसलं शेपटीला, नि निघाली.

चिंगी गेली चाकाकडं, तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, हल ना! मला खोबरं मिळेना!"

चाक म्हणालं, "छट्! गिअर पडल्याशिवाय मी नाही हलायचं!"

गिअर म्हणजे मामांच्या हाताशी असतो ना, तो दांडा. चिंगी गेली गिअरकडं, तुरुतुरु तुरुतुरु.

"गिअरभाऊ, गिअरभाऊ, पड ना! चाक हलेना, मला खोबरं मिळेना!"

गिअर म्हणाला, "कर्र कर्र! क्लच दबल्याशिवाय मी नाही पडायचा!"

क्लच बसला होता खाली, मामांच्या पायाशी. चिंगी गेली क्लचकडं, तुरुतुरु तुरुतुरु.

"क्लचकाका, क्लचकाका, दबा ना! गिअर पडेना, चाक हलेना, मला खोबरं मिळेना!"

क्लच म्हणाला, "हूं! मामांचा पाय उठल्याशिवाय मी नाही दबायचा!"

मामांचा उजवा पाय मोज्यात. डावा पाय उघडा! चिंगी गेली डाव्या पायाकडं, तुरुतुरु तुरुतुरु.

"पायबुवा, पायबुवा, उठा ना! क्लच दबेना, गिअर पडेना, चाक हलेना, मला खोबरं मिळेना!"

पाय म्हणाला, "मी रुसलोय! माझा मोजा हरवलाय. इंजिनानं जोर धरल्याशिवाय मी नाही उठायचा!"

चिंगी गेली इंजिनाकडं, तुरुतुरु तुरुतुरु.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, जोर धरा ना! पाय उठेना, क्लच दबेना, गिअर पडेना, चाक हलेना, मला खोबरं मिळेना!"

इंजिन म्हणालं, "ढुर्र... ढुस्स! श्वासच घेता येत नाही, बाई. नाक मोकळं झाल्याशिवाय मी जोर नाही धरायचा!"

जीपला नाक असतं, बरं का! एक गोल डबा. त्यातून इंजिन हवा ओढतं. चिंगी गेली नाकाकडं, तुरुतुरु तुरुतुरु.

"नाकोबा, नाकोबा, मोकळे व्हा ना! इंजिन जोर धरेना, पाय उठेना, क्लच दबेना, गिअर पडेना, चाक हलेना, मला खोबरं मिळेना!"

नाक म्हणालं, "बाझं दाक चोंदलंय! कुणीतरी आत कोंबलीय लाल चिंधी. कोंबलाय कापसाचा बोळा. कोंबलाय एक वासाचा मोजा. आणि काळ्या काळ्या बारीक लेंड्या! ज्यानं कोंबलं, त्यानं काढल्याशिवाय मी दाही बोकळं व्हायचं!"

चिंगीनं कान पाडले.

इकडं बघितलं. तिकडं बघितलं. शेपटीचं टोक तोंडात घातलं.

"ते... ते माझंच अंथरूण!"

"आणि लेंड्या?"

"त्या पण माझ्याच."

अंथरूण होतं मऊ मऊ. अंथरूण होतं उबदार. काढू की नको? नको की काढू?

पोट म्हणालं, गुर्रर्र!

चिंगीनं चिंधी ओढली, सर्र! बोळा ओढला, फस्स! लेंड्या झाडल्या, फट फट! मोजा ओढला... ओढला... ओढला... फाड्! मोजा झाकणाच्या फटीतून उडाला, थेट साळूमामीच्या मांडीवर! आणि चिंगीनं मारली खाली उडी.

आऽऽक्छी!

नाक मोकळं झालं. इंजिनानं जोर धरला. पाय उठला. क्लच दबला. गिअर पडला, खट्! चाक हललं. आणि टुण्णकन खोबरं सुटलं!

जीप निघाली चढावर, घूंऽऽऽ! एकदाही पादली नाही.

मामा म्हणाले, "बघितलंस? लिंबाचा गुण!"

मामीनं मोजा उचलला. दोन बोटांत. लांब धरून.

"हो का? मग हा तुमचा मोजा जीपच्या नाकात काय लिंबू पिळायला गेला होता?"

मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अगदी चिंगीसारखं.

चिंगीनं खोबरं खाल्लं, कुरुम कुरुम. उरली रिकामी करवंटी. चिंगी आत शिरली. गोल झाली. लांबलचक शेपटीसकट अगदी बरोब्बर मावली!

आणि पांघरूण?

उद्या मामा येतीलच. उजव्या पायात मोजा आहेच!

जीप गेली चढ चढून,
चिंगी झोपली पोट भरून!