एका थेंबाचा गुण

डॉ. भास्कर टिपणीसांनी होमिओपॅथीपायी उभी हयात घालवली. सकाळी मोफत दवाखाना, संध्याकाळी गावोगाव भाषणं. दवाखान्याला नगरपालिकेनं जुन्या जकात नाक्याची खोली दिली होती आणि तिच्यावर नवे नगराध्यक्ष रावसाहेब धुमाळ यांचा डोळा होता.

नगरपालिकेच्या भर सभेत रावसाहेब म्हणाले, "डॉक्टर, औषधाचा एक थेंब घ्यायचा, पाण्यात मिसळून मिसळून तो दिसेनासा करायचा, आणि म्हणे गुण येतो. एका थेंबानं काय होतंय? खोली रिकामी करा."

सभा हसली. डॉक्टर सावकाश उठले.

"रावसाहेब, तुम्ही किती मतांनी निवडून आलात?"

रावसाहेब समोरचे कागद चाळू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "एका."

"गावभरच्या मतांत ते एक मत मिसळलं. कोणतं, कोणाचं, ते आता तुम्हालाही शोधून सापडायचं नाही. पण गुण बघा, थेट खुर्चीपर्यंत आला. एकानं काही होत नसेल, तर आधी तुम्ही खुर्ची रिकामी करा, मागोमाग मी खोली करतो."

रावसाहेबांनी पुढचा विषय घ्यायला सांगितला.

दवाखाना अजून त्याच खोलीत आहे. आणि ते एक मत आपलंच होतं, असं निम्मं गाव सांगतं.