गुळगुळीत गाल

स्टुडिओतलं बाहेर बोलायचं नाही, असं अप्पांनी मला बजावलं आहे. अप्पा म्हणजे माझे आजोबा. तरी हे सांगते.

"हा कोण?" हातातला फोटो बघून रेडीजकाकूंनी विचारलं.

विश्वेशदादा हसला. तो अप्पांकडे फोटोचं काम शिकतो. त्याचा हात चांगला आहे, आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

"काकू, तुमचा प्रथमेश. जरा साफ केलाय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी प्रथमेशदादाचं तेरावं होतं. याच फोटोला हार घालायचा होता.

काकूंनी फोटोतल्या डाव्या गालावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला...

"इथं खळगा होता," त्या म्हणाल्या. "कांजिण्यांत मी त्याचे हात धरून बसले होते, खाजवू नये म्हणून. पहाटे माझा डोळा लागला. तेवढ्यात त्यानं एक फोड खाजवलाच."

"तोच काढायला तर जास्त मेहनत पडली. सवय होईल, काकू. बघा ना, कसा हिरो दिसतोय."

"दिसतोय खरा. कुणाचा मुलगा आहे?"



अप्पा उठले. काकूंच्या हातातून त्यांनी फोटो घेतला आणि मधोमध फाडला.

गेलेल्या माणसाचा फोटो... त्याच्या आईसमोर.

"अप्पा, अहो, उद्या तेरावं आहे," विश्वेशदादा कसाबसा म्हणाला.

काकू रडल्या नाहीत. "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

"मूळ फोटो उघड," अप्पा म्हणाले.

पडद्यावर खरा प्रथमेशदादा आला. गालावरचा खळगा, बारीक रंध्रं, कानाजवळची लव. नोकरीच्या अर्जासाठी आमच्याकडेच काढलेला फोटो, अपघाताच्या आदल्या दिवशीचा. हनुवटीवर एक लालबुंद मुरूम होता.

विश्वेशदादाचा आवाज खाली आला होता.

"खळगा ठेवतो. कातडीला हात लावत नाही. हा मुरूम तेवढा काढू ना? तुम्हीच सांगता, आठवड्यात जाणारं असेल ते काढायचं."

अप्पा पडद्याकडे बघत राहिले...

"आठवडा कुठाय त्याच्याकडे?"