रिकाम्या विमानाची उंची

एकदा एका उघड्या माळावर विमानांच्या दुरुस्तीसाठी मोठे हँगर उभे राहत होते. कामाची सूत्रे एका वृद्ध अभियंत्याकडे होती आणि आराखडा त्यांच्या शिष्येचा. दाराची उंची तिने इतकी नेमकी बेतली होती, की विमानाच्या शेपटीवर फक्त वीतभर जागा उरावी. पोलादाचा तुकडाही वाया जाणार नाही, याचा तिला मनोमन अभिमान होता. दुसऱ्या दिवशी दारावरची तुळई चढायची होती. ती एकदा चढली, की मग बदल नाही.

त्या दुपारी वृद्धाने विचित्रच काम काढले. वाळूने भरलेल्या ट्रकच्या मागच्या बाजूस त्यांनी एक बांबू उभा बांधायला लावला. मग दोन खांबांमध्ये, बांबूच्या टोकापेक्षा चार बोटे उंच, दोरी ताणली.

“ही तुझ्या दाराची छोटी नक्कल,” ते म्हणाले.

ट्रक दोरीखालून सहज गेला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. शिष्या लाजून हसली.

“आता वाळू उतरवा.”

गेनबा मुकादमाने कपाळाला हात लावला. “साहेब, उतरवायचीच होती तर सकाळधरनं भरायला कशाला लावली? व्यायाम म्हणून?”

वाळू उतरली. ट्रक पुन्हा निघाला आणि बांबू दोरीत अडकला.

शिष्येने खाली वाकून पाहिले. ओझे गेल्यामुळे स्प्रिंगचे पाटे सैलावले होते आणि ट्रक वर उचलला गेला होता. विमानही रिकामे झाले, की चाकांवर असेच वर उचलले जाणार! विमानाच्या तक्त्यात उंचीचे दोन रकाने होते, एक भरलेल्या विमानाचा आणि एक रिकाम्या. तिने भरलेल्याचा घेतला होता.

“आपल्याकडे विमान कशाला येणार, पोरी?”

“दुरुस्तीला.”

“म्हणजे इंधन काढून, सामान उतरवून, रिकामे होऊन. उडायला निघालेल्या विमानासाठी तुझे दार उत्तम आहे. पण हा दवाखाना आहे. उद्या तुळई चढवायची का, ते तूच सांग.”

सगळे तिच्याकडे पाहत होते. चारचौघांत बोलायला ती नेहमी कचरायची. आज मात्र तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले.

“गेनबाकाका, उद्या तुळई चढणार नाही. खांब हातभर वाढवावे लागतील. चूक माझी आहे.”

“हातभरच ना?” गेनबा म्हणाला. “वाढवू की! वाळू भरून उतरवण्यापेक्षा बरं.”

वृद्धाने दोरीची गाठ सोडली. “ओझे उतरले की उंची वाढते, हे मी ट्रकवर दाखवले,” ते हळूच म्हणाले. “तू ते माणसात दाखवलेस.”

काही महिन्यांनी पहिले रिकामे विमान आत आले. शेपटी तुळईखालून सुखरूप सरकली. सगळ्यांच्या माना वर होत्या. वृद्ध मात्र शिष्येकडे पाहत होते.

मागून गेनबा कुणाला तरी सांगत होता, “दार आमच्या बाईंचं आहे.”