बुजगावण्याचा दुसरा डोळा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या खापरपणज्याला मिसरूड फुटायच्याही कितीतरी आधी, एका नदीच्या वळणावर एक मळा होता. मळ्याला कुंपण होतं, विहीर होती, पाट होता आणि डोक्याएवढी वाढलेली ज्वारी होती. मळ्याचा एक धनी होता. तो कुठून येई आणि कुठं जाई, हे कुणाला ठाऊक नव्हतं. शहाण्या माणसांनी त्यावर गाडाभर पोथ्या लिहिल्यात म्हणे. लिहू द्या. पावसाळ्यात बसून दुसरं करणार काय?

मळा राखायला धन्यानं दोन माणसं ठेवली होती. ठेवली कसली, घडवलीच होती. बांधाची तांबडी माती घेतली, पाणी शिंपडलं, तुडवली आणि आपल्या रूपासारखा एक राखणदार केला. मग त्याच्या कुशीतलाच ओला गोळा काढून एक राखणदारीण केली. तीही आपल्याच रूपाची. दोघांच्या नाकात फुंकर घातली, ती एकाच श्वासाची. दोघं शिंकली आणि उठून बसली.

"हा मळा तुमच्या हवाली," धनी म्हणाला. "पाण्याला वाट द्या, पिकाला राखा. पाखरांना चार कणसं सोडा, सगळी सोडू नका. आणि मी नसताना माझं तोंड बघावंसं वाटलं, तर एकमेकांकडं बघा."

दुसरीकडं बघायची सोयही नव्हती. विहीर इतकी खोल, की तिच्यात अंधाराशिवाय काही दिसत नसे. आरसा तर अजून कुणी केलाच नव्हता. तेच बरं होतं. नाहीतर राखणदारानं दिवसभर मिशाच पिळल्या असत्या.

रोज दिवस कलला, वारा गार झाला, की धनी बांधावरून फिरत येई. दोघं त्याला दिवसभराचं सांगत. कुठं पाट फुटला, कुठं पोपट बसले. तो हसे. एकदा तो म्हणाला, "मी पलीकडचं रान बघायला जातोय. कणसं खुडणीला आली की येईन. तोवर हवं तर बुजगावणं उभं करा, तेवढाच तुमच्या घशाला आराम. पण त्याला एकच डोळा काढा. पाखरांना भिववायला एक पुरतो."

"आणि दुसरा काढला तर?" राखणदारिणीनं विचारलं.

"तर ते बघायला लागेल," धनी म्हणाला. "आणि बघायला लागलं, की त्यालाही कुणीतरी व्हावंसं वाटेल."

एवढं सांगून धनी गेला.

आता कुंपणावर एक सरडा राहत असे. त्याच्या एका चुलत्यानं मागं कुठल्याशा बागेत फळावरून मोठी भानगड केली होती आणि त्यात आपले चारही पाय घालवले होते. पुतण्याचे पाय अजून शाबूत होते. म्हणून जीभ दुप्पट चाले.

"दादा," सरडा मान हलवत म्हणाला, "धन्याचं रूप नेमकं कुणात उतरलंय? तुझ्यात की वहिनीत?"

"दोघांत," राखणदार म्हणाला.

"वा वा. म्हणजे एक भाकरी दोघांत मोडली म्हणायची. मग कुणाच्या तरी वाट्याला लहान तुकडा आला असणारच की."

बाबांनो, भांडण लावायला डोंगर हलवावा लागत नाही. एवढंसं पुरतं. घरातल्या थोरांनी खाली मान घालू नये, सगळ्यांना ठाऊक आहे.

दुपारी राखणदार जेवायला बसला. "अगं," तो म्हणाला, "पहिला मीच ना?"

"मग?"

"मग धन्याचं खरं रूप माझं. तू म्हणजे उरल्यासुरल्या मातीची."

राखणदारीण तव्यावरची भाकरी उलथत होती. ती म्हणाली, "अहो, पहिली भाकरी नेहमी बिघडते. तव्याचा अंदाज आलेला नसतो. दुसरी बघा कशी टम्म फुगते." आणि ती हसली. हसताना तिच्या उजव्या गालावर खळी पडे.

इथं त्यानंही हसायचं होतं. गोष्ट इथंच संपली असती आणि सगळे वेळेवर झोपले असते. पण तो ताटावरून उठला. काठी घेऊन त्यानं खोपीच्या दारापासून नदीपर्यंत मातीत एक रेघ ओढली. "हे माझं, ते तुझं. आणि माझ्याकडं बघायचं नाही."

"बघतंय कोण?" ती म्हणाली. तीही काही कमी नव्हती.

मग सरडा पुन्हा आला. "दादा, धन्याचं रूप तुझं, आणि भर उन्हात बोंबलत पोपट तू हाकायचे? धन्यानं आपल्यासारखा एक केला आणि गेला फिरायला. तूही तुझ्यासारखा एक कर."

राखणदारीण रेघेच्या अलीकडून बघत होती. बघायचं नाही म्हटलं, तरी डोळे कुणी बांधून ठेवतं का? त्यानं दोन बांबूंची फुली बांधली. तिच्याभोवती कडबा गुंडाळला. आपल्या अंगातली पैरण काढून तिला चढवली. वर मडकं पालथं घातलं. मडक्यावर तांबड्या मातीचं नाक लावलं आणि चुन्यानं एक डोळा काढला. क्षणभर तो थांबला. मग त्यानं दुसरा डोळा काढला. वाकून मडक्याच्या नाकात फुंकरही मारली.

काहीच झालं नाही. बुजगावणं ते बुजगावणं. "राख आता," असं म्हणून राखणदार राखणीच्या उंच माचीवर चढला आणि आभाळाकडं पोट करून आडवा झाला.

"तो हात बांधून पडलाय, मग मीच का राबू?" असं म्हणून राखणदारीणही हातावर हात ठेवून बसली. पाट तुंबला. कुणी उठलं नाही.

संध्याकाळी ती सहज वळली, तर बुजगावण्याचं तोंड खोपीकडं होतं.

राखणदारानं ते पिकाकडं तोंड करून उभं केलं होतं. तिनं पाहिलं होतं. "वाऱ्यानं फिरलं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. पण वारा नव्हता. ज्वारीचं एक पान हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाखरं आली. थव्यानं आली, कणसांवर बसली, खाऊ लागली. पण एकही पाखरू ओरडेना. नुसता दाणे फुटल्याचा आवाज. दोन पोपट तर बुजगावण्याच्या खांद्यावर बसले होते, आणि त्यांच्या पायांखाली पैरण हळूच वर येत होती, हळूच खाली जात होती. झोपलेल्या माणसाच्या छातीवर येते, तशी.

राखणदाराच्या डाव्या भुवईवर विळ्याचा जुना व्रण होता. एका सकाळी तसाच व्रण तिला मडक्यावर दिसला. तिनं चमकून माचीकडं पाहिलं. राखणदाराची भुवई गुळगुळीत झाली होती. व्रण नव्हता. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की भुवईच नव्हती.

तिला भीती वाटली. आणि खरं सांगायचं, तर थोडं बरंही वाटलं. "रूप म्हणे माझं! घे आता!"

मग त्याचं नाक बसत गेलं. ओठ फिके पडत गेले. तो ओल्या पाटातून चालला, तरी चिखलात पाऊल उमटेना. खोकला, तर छातीत कडबा कुरकुरला. आणि तिकडं बुजगावण्याला मिशा फुटल्या. एकदा उन्हं उतरताना त्यानं हात उचलला आणि राखणदार जशा पिळी, तशाच त्या पिळल्या.

राखणदारिणीला हसू आलं. पण ते तोंडाबाहेर पडेना. ओठ जणू चिकटले होते. तिनं गालावर हात नेला, तिथं काही नव्हतं. नाकावर नेला, तळहात सरळ घसरून हनुवटीवर आला. मडक्याच्या पाठीवरून घसरावा तसा.

आरसा नव्हता. विहीर काळी होती. "अगं, तुझं तोंड पुसत चाललंय," असं तिला सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडं ती बघत नव्हती, तो तिच्याकडं बघत नव्हता.

त्याच संध्याकाळी वारा गार झाला. दूर बांधावर पावलं वाजली.

कणसं खुडणीला आली होती. धनी परत येत होता.

धनी आपली माणसं रूपावरून ओळखी. रूपच उरलं नाही, तर तो हाक कुणाला मारणार? आणि तेवढ्यात ज्वारीतून आवाज आला, तिच्या नवऱ्याचा, अगदी तोच: "आलो, धनी!" बुजगावणं बांबूवरून खाली उतरत होतं.

ती धावली. रेघ ओलांडली का पुसली, तिला कळलंही नाही. माचीवर चढून तिनं नवऱ्याचं उरलंसुरलं तोंड दोन्ही हातांत धरलं. ओठ ताणून ताणून तिनं एक फट केली आणि ओरडली, "अरे, बघ माझ्याकडं!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला 'अरे' म्हटलं. त्यानं बघितलं. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुलीत तिला आपलं तोंड दिसलं, कोरं, अंड्यासारखं. त्यालाही तिच्या डोळ्यांत आपलं दिसलं असावं, कारण त्यानं आपल्या तोंडावरून हात फिरवला. मग त्याचं बोट हळूहळू तिच्या उजव्या गालावर आलं.

"इथं खळी होती," तो कडब्याच्या आवाजात म्हणाला. "भाकरीचं बोललीस, तेव्हाही पडली होती. मला दिसली होती गं. मी मुद्दाम ताटात बघितलं."

"तुझ्या इथं व्रण होता," ती म्हणाली. "माझाच विळा लागला होता. तू म्हणालास, बरं झालं, नजर लागणार नाही."

दोघं हात धरून उतरली आणि पावलांच्या दिशेनं निघाली. लाज वाटत होती, तरी लपली नाहीत.

धनी बुजगावण्यासमोर उभा होता.

"मळा कोण राखतंय?" त्यानं विचारलं.

"मी," बुजगावणं म्हणालं.

"तुला कुणी केलं?"

"यानं."

"कशासाठी?"

"याला काही करावं लागू नये म्हणून."

धन्यानं बिनतोंडाच्या राखणदाराकडं मान वळवली. "आणि तुला मी कशासाठी केलं होतं?"

राखणदाराला उत्तर येत होतं, पण एव्हाना त्याचे ओठ पुरते पुसले गेले होते. राखणदारीण म्हणाली, "मळा राखायला, धनी. आणि एकमेकांत तुम्हाला बघायला. यानं राखला नाही, मीही राखला नाही. यानं बघितलं नाही, मीही बघितलं नाही."

धनी बुजगावण्याला म्हणाला, "उसनं घेतलंस ते दे."

बुजगावणं मागं सरलं. "थोडं राहू द्या," ते म्हणालं. "मला आवडलं होतं, धनी. उजाडताना फार छान दिसतं."

धन्याचा आवाज मऊ झाला. "ठाऊक आहे. पण तुझ्यात फुंकर याची आहे, आणि यालाच ती उसनी मिळालेली. ती कुठवर पुरणार?" त्यानं अंगठ्यानं तो दुसरा डोळा पुसला. पैरण एकदा वर आली आणि खाली गेली. मग कडबा नुसता कडबा झाला.

धन्यानं पाटाकाठची तांबडी माती घेतली. दोघांची तोंडं पुन्हा घडवली, नाक नाकाच्या जागी, व्रण व्रणाच्या जागी, खळी खळीच्या. शेवटी दोघांच्याही वरच्या ओठावर, नाकाच्या बरोबर खाली, त्यानं अंगठा टेकवला. खूण राहिली.

"दोघांना एकच?" राखणदारानं विचारलं. तोंड मिळालं, की पहिला प्रश्न हाच.

"अंगठा एकच आहे माझा," धनी म्हणाला. "जा, पोपट हाका."

अर्धं पीक गेलं होतं. ते वर्ष दोघांनी अर्धपोटी काढलं, पण काढलं एका ताटात. सरडा अजून कुंपणावर बसून मान हलवतो, कारण त्याची धाव तिथवरच. आणि तेव्हापासून त्या मुलखात बुजगावण्याला कुणी दुसरा डोळा काढत नाही.

पटत नसेल, तर नाकाखाली बोट लावून बघा. आजोबा, तुम्हीही लावा, मिशा बाजूला करून. मग शेजारच्या बाईच्या ओठाकडं बघा. म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, उगीच मार खाल! खाच तीच आहे. आणि कधी दिवस कलताना, वारा पडलेला असताना, एखाद्या बुजगावण्याची पैरण वर-खाली होताना दिसली, तर त्याच्याजवळ जाऊ नका. आधी घरी जा, आणि घरातल्या माणसाला विचारा, "माझं तोंड आहे ना गं जागेवर?"

तात्पर्य: धन्याचं रूप बाईला आणि पुरुषाला सारखंच मिळालंय, एकमेकांकडं बघितलं आणि मळा राखला तरच ते टिकतं, आणि दुसऱ्याचं पुसलं जाताना जो हसतो, त्याचं स्वतःचंही पुसलं जातं.