एकशे बारा पावलं

"पण कुऱ्हाड आणायला तो घरी गेला होता ना, बुवा! तिथंच तर सगळं आलं."

बोलणारे जयवंतराव. जिल्ह्याचे सत्र न्यायाधीश, आणि लहानपणी आमच्याच मठात बुवांच्या पायाशी बसून अक्षरं गिरवलेले. खालच्या झऱ्यावरून घागर भरून आणल्याशिवाय मठात कुणी बसायचं नाही, हा आमचा रिवाज. पण यांची गाडी मागच्या रस्त्यानं थेट वर येते. न्यायाधीशाला सांगणार कोण? मी तरी नाही सांगितलं.

बुवा शेंगा सोलत होते.

"भांडण खळ्यावर झालं," जयवंतराव म्हणाले. "चुलतभावानं हणमंत ढोणेच्या मेलेल्या बापाला चोर म्हटलं. तिथल्या तिथं हाताला येईल ते उचलून मारलं असतं, तर अचानक भडकलेला राग म्हणता आलं असतं. सदोष मनुष्यवध. काही वर्षांनी सुटला असता. पण हा घरी गेला, कुऱ्हाड घेऊन परत आला. पंचांनी मोजलंय, जाऊन-येऊन एकशे बारा पावलं. राग निवायला तेवढी पुरे झाली. म्हणजे ठरवून मारलं. म्हणजे खून."

"वाटेत काय होतं त्याच्या मनात?"

"विचारलं ना कोर्टात. म्हणतो, आठवत नाही." जयवंतराव हसले. "साफ खोटं बोलतो. सोमवारी जन्मठेप सुनावणार."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

जयवंतरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"त्याची बायको रोज कोर्टाच्या पायरीवर येऊन बसते... झोप लागत नाही, बुवा."

बुवांनी एक शेंग फोडली.

"तुझ्या बापाला मी या मठातून हाकललं होतं. चोर होता तो."

मी दचकलोच. अहो, ज्या माणसानं दर उन्हाळ्यात त्या झऱ्यातला गाळ एकट्यानं उपसला, तो चोर? बुवांच्या जिभेला काही हाड? मला भयंकर राग आला, खरं सांगतो.

जयवंतराव लालबुंद झाले. "काय म्हणालात?"

"ऐकलंस ते. आधी घागर भरून आण. मग बोलू."

लहानपणची सवय असेल, पाय आपोआप वळले. कोपऱ्यातली मातीची घागर उचलून ते तरातरा उतरले. सत्तर पायऱ्या खाली, सत्तर वर.

बुवा शेंगा सोलत राहिले.

जयवंतराव वर आले ते थेट बुवांपुढं. भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि बुवांच्या पायांवर आपटली.

खापऱ्या उडाल्या. बुवांच्या नडगीतून भळाभळा रक्त आलं.

जयवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तिथंच चिखलात बसून त्यांनी रुमालानं जखम दाबून धरली.

"बुवा... माझ्या हातून... हे काय झालं!"

"तुझ्या बापासारखा सचोटीचा माणूस या मठानं दुसरा पाहिला नाही," बुवा शांतपणे म्हणाले. "मघाशी मी खोटं बोललो. आता तू सांग. एकशे चाळीस पायऱ्या झाल्या. वाटेत काय होतं तुझ्या मनात?"

जयवंतराव बराच वेळ आठवत राहिले. रुमाल पार भिजला होता.

"आठवत नाही..."

बुवांनी सोललेले दाणे त्यांच्या ओल्या हातावर ठेवले.

"साफ खोटं बोलतोस."