वाळ्याने काठ धरला

पळसटोल्याच्या तलावाकाठी, चिंचेखाली धोंडीनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या साली घडलेली ही लीला.

काठावर सयत्राचं घर होतं. मासे धरून पोट भरणारी बाई. शेजारी गावाचे जमीनदार, मालगुजार माधोरावांचा बंगला. त्यांनी बंगल्यापुढे दगडी भिंत घातली, आणि भिंतीवरून उलटलेल्या लाटा सयत्राचा काठ कुरतडू लागल्या. जाळी वाळवायची जागा गेली, मग शेवगा गेला. आता पाणी अंगणाला लागलं होतं, आणि घरात लेक बाळंतपणाला आलेली.

सयत्रा रोज महाराजांना वाळ्याच्या पंख्याने वारा घालायची. कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी मात्र तिचे डोळेच बोलले. महाराज म्हणाले, "हा पंखा ने, बाई. देव्हाऱ्यात ठेवू नको. काठाला लाव."

महाराजांच्या अंगावरून फिरलेली वस्तू चिखलात घालायची? तिचा जीव धजेना. पण शब्द महाराजांचा होता. तिने पंखा उसवला आणि वाळकी मुळी न् मुळी काठात खोवली.

माधोराव ओट्यावरून बघत होते. "का व सयत्रे, उद्या खाट पुरशील तं पलंग उगवंल का?"

खरं सांगायचं तर तिलाही हसू आलं.

भाद्रपदात तलाव तुडुंब भरला. एका दुपारी वारं उठलं, लाटा उसळल्या, आणि नेमक्या तेव्हाच लेकीला कळा सुरू झाल्या. तिला हलवायची सोय नव्हती. लेकीजवळ सुईण बसवून सयत्रा महाराजांचं नाव घेत काठाकडे धावली आणि जागीच थबकली. सकाळी जिथे वाळकी मुळं होती, तिथे कमरेएवढा हिरवागार वाळा उभा! लाट यायची, पात्यांत शिरायची आणि पाय धुऊन गेल्यासारखी मागे फिरायची. मातीचा कण हलला नाही. काठभर वाळ्याचा गंध, आणि त्या गंधातच घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं.

तोच मोठा आवाज झाला. पाण्याने पायाखालची माती पोखरलेली भिंत तलावात बसली, मागोमाग बंगल्याचा ओटा. माधोराव बायकापोरांना घेऊन सयत्राच्या दारात आले. तिने चुलीजवळ जागा करून दिली. पलंगाचं काही काढलं नाही.

पाणी ओसरलं तसे माधोराव महाराजांपुढे गेले आणि वाकू लागले. महाराजांनी पाय आवरले.

"इथं नको. सयत्राबाईंकडून वाळ्याचे ठोंब मागून घ्या आणि आपला काठ लावा. तिथं वाकलात की मला पोचलं."

मालगुजार चिखलात गुडघे टेकून बसले. सयत्रा एकेक ठोंब हातात देत होती. लावता लावता त्यांचं कपाळ मातीला लागलं.

"आणखी जरा खाली, मालक," ती मायेने म्हणाली. "मुळं खोल गेली पाहिजेत."