भुऱ्या आणि लांडगा

फार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या माळावर शांतवन नावाचा एक ख्रिस्ती मेंढपाळ राहत होता. त्याच्या भुऱ्या कुत्र्याने एकदा भुकेपोटी कळपातलंच कोकरू मारलं. आता काठी बसणार म्हणून तो अंग चोरून पडला. शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने हातातली भाकर भुऱ्यापुढे ठेवली. "प्रभूने मलाही असंच पदरात घेतलंय," तो म्हणाला. "उद्यापासून कळप तूच राख."

"याच्या भरवशावर आम्ही राहायचं?" मेंढ्या कुजबुजल्या. भुऱ्या मात्र कामाला लागला. दमलेल्या कोकरांमागून तो हळूहळू चाले, वाट चुकलेल्या मेंढीला वळवून आणी आणि सगळ्यांचं पिऊन झाल्यावरच पाण्याला तोंड लावी.

एके सकाळी लांडगा आला. "एक कोकरू दे, अर्धं तुझं. तू तर आमच्यातलाच!"

"होतो," भुऱ्या गुरगुरला. "आता मी धन्याचा आहे!" त्याने झेप घेतली. धुरळा उडाला आणि रक्तबंबाळ लांडगा शेपूट घालून पळाला.

लंगडणाऱ्या भुऱ्याला मधोमध घेऊन सगळा कळप बें बें करत वाजतगाजत घरी निघाला. वाटेत एक मेंढी म्हणाली, "भुऱ्या, आज माझी कोकरं तुझ्या कुशीत निजू देत."